देवक उठेपर्यंत

आमच्या घराण्यातली माणसे दीर्घायुषी आहेत, आणि ज्या वर्षीची ही आठवण आहे त्या वर्षी याच एका गोष्टीने माझी झोप उडवली होती. जिंतूर तालुक्यात पसरलेल्या आमच्या भावकीत ऐंशी ओलांडलेली पाच-सहा माणसे तरी असतील. त्यांपैकी कोणीही, कोठेही, माझ्या मुलीच्या लग्नाच्या तोंडावर देवाघरी गेले असते तर ते लग्न थांबले असते. सगोत्र माणसाचे सुतक दहा दिवसांचे, आणि सुतकात मंगलकार्य होत नाही. हे लग्न आणखी एकदा पुढे ढकलणे आता कोणाच्याच हातात राहिले नव्हते.

ते आधीच दोनदा पुढे गेले होते. पहिल्या तिथीला वरपक्षाकडे, पिंगळीला, मुलाचे आजोबा वारले. दुसऱ्या तिथीच्या वेळी विद्यापीठाच्या नामांतरावरून सारा मराठवाडा पेटलेला होता. गाड्या बंद पडल्या, रस्ते ओस पडले, आणि पिंगळीचे वऱ्हाड पिंगळीतच राहिले. तिसरी तिथी ज्येष्ठात निघाली. तिच्यानंतर लगेच गुरूचा अस्त होता, आणि तो संपण्यापूर्वीच चातुर्मास लागत होता, म्हणजे पुढचा मुहूर्त दिवाळीनंतरचा. व्याह्यांचा निरोप आला होता. भाषा सभ्य होती, पण अर्थ एवढाच होता की या खेपेस अक्षता पडल्या नाहीत तर त्यांना मुलासाठी दुसरे स्थळ पाहावे लागेल. दोनदा हळद वाटून ठेवलेल्या मुलीविषयी गावातल्या बायका पाणवठ्यावर काय बोलत ते माझी पत्नी मला सांगत नसे. मुलगी दिवसभर आतल्या खोलीत असे, आणि अंगणाचे दार वाजले की तिचे काम थांबे. माझेही थांबे.

मी चारठाण्यात एका प्राचीन शिवालयाची पूजा करीत असे आणि शाळेत संस्कृत शिकवीत असे. धर्मशास्त्राचे अध्ययन मी गुरूंच्या पायाशी बसून केले होते, आणि पंचक्रोशीतले लोक सुतक-सोहेराचे प्रश्न घेऊन माझ्याकडे येत. इतरांना जे नियम मी शांतपणे समजावून सांगत असे त्याच नियमांच्या भिंती आता चहूकडून माझ्याजवळ सरकत आहेत असे वाटू लागले होते. पहाटे अभिषेक करताना मी भावकीतल्या एकेका वृद्धाचे नाव घेऊन त्याच्या आयुष्यासाठी शंकराला साकडे घालीत असे. ही प्रार्थना त्या वृद्धांसाठी नव्हती हे शंकराला ठाऊक होतेच.

त्या नावांत पहिले नाव काकूचे असे. माझी आई मी चालूही लागलो नव्हतो तेव्हा गेली. काकूने मला स्वतःच्या मुलांबरोबर वाढवले, आणि ती त्यांना रागावे तशी मला कधी रागावली नाही, हे मला लहानपणी खुपत असे. आता ती जिंतूरच्या पलीकडच्या आमच्या मूळ गावी, धाकट्या मुलाकडे राहत होती. शरीर वाळून गेले होते, पण हात चालत होते. लग्नाला येईन, आणि मुलगी ज्या गौरीहरापुढे बसेल तिथल्या समईसाठी वाती मी आपल्या शेतातल्या कापसाच्या करून आणीन, असे तिने कबूल केले होते.

तिचा हा धाकटा मुलगा माझा चुलतभाऊ. त्याच्याविषयी आमच्या घराण्यात एकच मत होते, आणि ते बनवण्यात माझा वाटा मोठा होता. तो शेती करी, शेतकऱ्यांत उठेबसे, त्यांच्यासारखेच बोले, संध्या जमली तर करी. या गोष्टी क्षम्य होत्या. मात्र त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. कोणाची म्हैस व्याली, कोणाची सून माहेरी गेली, कोणाच्या घरी भाऊ भावाशी बोलत नाही, हे सारे त्याच्या मुखातून पहिल्या भेटीतच बाहेर पडे. गाडीतून उतरतानाच तो बोलू लागे आणि गाडी सुटली तरी त्याचे वाक्य संपलेले नसे.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका नातलगाकडे मुंज होती. मंडप सजलेला, बटू न्हालेला, आणि हा धापा टाकीत आला तो दारातूनच सांगत की अमुक आजी पहाटे गेल्या. मुंज थांबली. दुःख करावे की राग करावे हे कोणाला कळेना. तेव्हा मी सर्वांच्या देखत त्याला शास्त्र ऐकवले होते. सुतक मरणाने लागत नाही, मरण ऐकल्याने लागते. ज्याला ठाऊक नाही त्याला ते नाही. तुझे तोंड आणखी थोडा वेळ मिटलेले असते तर मुलाच्या गळ्यात जानवे पडले असते. तो मान खाली घालून उभा राहिला. त्या दिवसापासून कार्य असले की लोक थट्टेने विचारीत, त्याला आधी बोलावले आहे की नंतर.

माझ्या मुलीच्या लग्नाला मी त्याला बोलावले ते काकूसाठी.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीने तो आला, आणि एकटाच आला. दाढी वाढलेली, हातात पिशवीसुद्धा नाही. घरात न येता अंगणाबाहेरच्या निंबाखाली, बैलांच्या दावणीपाशी उभा राहिला आणि तेथूनच त्याने विचारले, "दादा, देवक कवा बसायचंय?"

लग्नाआधी कुलदेवतेची स्थापना करून नांदीश्राद्ध करतात, त्याला आमच्याकडे देवक बसणे म्हणतात. त्या दिवशी पुरणाचे जेवण असते. याला पुरणाची घाई झाली आहे असे मला वाटले. दुपारी बसेल, असे सांगून मी विचारले, काकू कुठे आहे? तिचे गुडघे धरले आहेत, एस.टी.ची पायरी चढवत नाही, असे त्याने सांगितले. आणि वाती? त्यावर तो विसरलो म्हणाला. मग पुन्हा, देवक दुपारी किती वाजता? मी उत्तर न देता आत गेलो.

तो मात्र निंबाखाली थांबला नाही. माझ्या पत्नीने चहा पाठवला तेव्हा तो तेथे नव्हता. फाट्यावर जाऊन बसला आहे, असे कोणी तरी सांगितले. मुख्य रस्त्यावरून आमच्या गावाकडे वळण्याच्या जागी एक चहाचे हॉटेल होते, जिंतूरकडून येणाऱ्या गाड्या तेथे थांबत. पाहुणा उतरला की हा पुढे होऊन त्याला बाजूला घेई आणि दोघांचे काही तरी बोलणे होई. येणारे पाहुणे अंगणात शिरत ते जरा दबकतच शिरत, हे मला दिसत होते. हा प्रत्येकाच्या कानी कोणाची कुचाळकी घालीत असेल, या विचाराने मला लाज वाटली. आमच्या एका वृद्ध आप्तांनी पान जुळवता जुळवता म्हटलेही, "त्याचं आकाशवाणी केंद्र फाट्यावर उघडलंय. बातम्या आणतो तो. माणसं आणायचं काम त्याचं न्हाई."

दुपारी देवक बसले. संकल्प सोडला, नांदीश्राद्ध झाले, आणि मी व माझी पत्नी त्या क्षणापासून बांधले गेलो. देवक उठेपर्यंत यजमानाने गावाची शीव ओलांडायची नाही असा आमचा कुलाचार आहे. त्या वर्षी मांडवात वाद्येही नव्हती. ज्यांची हलगी पिढ्यान्‌पिढ्या आमच्या लग्नांत वाजली ती माणसे आली नव्हती, आणि त्या दिवसांत त्यांच्या वस्तीवर जे भय होते ते माहीत असताना त्यांना बोलावण्याची मला हिंमत झाली नाही. म्हणून मांडव शांत होता. आंब्याच्या डहाळ्या उन्हाने वळत होत्या. माणसे हळू बोलत होती. मी पाटावर बसून दाराकडे पाहत होतो, आणि उद्याचा मुहूर्त अजून रात्रीच्या पलीकडे होता.

देवक बसल्यावर सगोत्राच्या मृत्यूचे सुतक त्या कार्यापुरते आड येत नाही, असे शास्त्र आहे. तेव्हा माझा जीव थोडा मोकळा व्हायला हवा होता. पण भीती निघून गेलेल्या जागेत काकू येऊन बसली. मला दिसू लागले की ती तिच्या ओसरीवर भिंतीला टेकून बसली आहे, वातींचे पुडके मांडीवर आहे, आणि कोणी तरी आपल्याला न्यायला येईल म्हणून वाट पाहत आहे. मला जाता येत नव्हते. तेव्हा मी शेजारच्या शेतकऱ्याला विनवले. हा तगडा आणि शब्दाला जागणारा गृहस्थ होता. शेवटच्या गाडीने जा, रात्री तिथेच राहा, सकाळच्या गाडीने काकूला आण. पायरी चढवत नसेल तर तिला उचलून गाडीत बसव. तो लगेच निघाला, आणि दिवे लागायच्या आत परत आला.

फाट्यावर तुमच्या भावाने अडवले, असे त्याने सांगितले. "म्हातारी यायची न्हाई म्हणले. उगं हेलपाटा कशाला मारता म्हणले. मी म्हणलं मला पंडितजींनी धाडलंय, तर गाडीच्या दारातच उभे राहिले. सोडंनातच मला."

इतका राग मला आयुष्यात क्वचितच आला असेल. आईला स्वतः आणायचे नाही, आणि दुसरा आणायला निघाला तर त्यालाही अडवायचे. मला वाटले, हा माझ्यावर जुन्या मुंजीचा सूड घेत आहे. पण देवक बसलेल्या घरात यजमानाने क्रोध करू नये, म्हणून मी त्याला बोलावणेही धाडले नाही. तो रात्री निंबाखालच्या रिकाम्या बैलगाडीत झोपला. पत्नीने ताट वाढून पाठवले होते, ते त्याने परत पाठवले. पाणीसुद्धा घेतले नाही भावजींनी, असे ती म्हणाली, आणि माझ्याकडे अशा रीतीने पाहिले, जणू मीच काही लागट बोललो होतो.

सकाळी वऱ्हाड आले. व्याही गाडीतून उतरले तेव्हा हा फाट्यावरून त्यांच्या पाठोपाठ चालत येत होता, दहा हात मागे. सीमांतपूजन झाले. मुलगी गौरीहरापुढे बसली. समईत बाजारच्या वाती होत्या आणि त्या नीट पेटत नव्हत्या. पत्नीने दोनदा त्या सारख्या केल्या. ते मी पाहिले आणि बाहेर आलो. तो मांडवाच्या शेवटच्या खांबापलीकडे उभा होता. मांडवाची सावली संपते तेथे, उन्हात.

मी त्याला विचारले, "तुझ्या आईने मला अंगाखांद्यावर वाढवले. माझ्या मुलीच्या अक्षतांना तिला आणायला तुझे हात मोडले होते काय?"

व्याही ऐकू येण्याइतके जवळ होते. पानदान घेऊन बसलेले ते वृद्ध आप्तही. सर्वजण त्याच्याकडे पाहू लागले. एरवी तो अशा वेळी दहा वाक्ये बोलला असता. त्याने माझ्याकडे पाहिलेच नाही. दावणीतल्या बैलांकडे पाहत तो म्हणाला, "गुडघे लय दुखायलेत तिचे, दादा. आणलं असतं तर हाल झाले असते."

"हाल व्हायचे ते होऊ द्यायचे होते. तिला मी सांभाळले असते."

"व्हय," तो म्हणाला. "तुमी सांभाळलं असतं."

मुहूर्ताची घटिका भरत आली होती. मला आत जावे लागले. अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टके झाली, सर्व मंडपातून अक्षता पडल्या. मी अंतरपाटापाशी उभा होतो आणि तेथून तो मला दिसत होता. त्याला कोणी अक्षता देऊ केल्या तेव्हा त्याने हात मागे घेतला. मुहूर्त साधला होता, मुलगी सुटली होती, आणि अशा क्षणी माझ्या मनात कृतज्ञतेऐवजी एका माणसाविषयीचा तिरस्कार काठोकाठ भरला होता. देवासमोर खोटे बोलू नये म्हणून हे लिहीत आहे.

पाठवणीच्या वेळी मुलगी सर्वांच्या पाया पडत दाराबाहेर आली. निंबापाशी हा काका उभा दिसला तशी ती त्याच्याकडे वळली. लहानपणी त्याच्या गप्पा ऐकायला ती त्याच्या मांडीवरून उतरत नसे. ती वाकणार तोच तो झटकन मागे सरला, इतका की दावणीतल्या शेणात त्याचा पाय पडला. वऱ्हाडातल्या बायका हसल्या. मुलीचा हात तसाच पुढे राहिला. मग तिने तो पदराला पुसला आणि ती गाडीत जाऊन बसली. गाडी वळेपर्यंत ती मागे पाहत होती, आमच्याकडे नाही, त्याच्याकडे.

पाहुणे पांगले. मला वाटले तोही जाईल. तो गेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उत्तरपूजा करून देवक उठवले, कलशातले पाणी तुळशीत घातले. मी पाटावरून उठतो आहे तो अंगणाबाहेरून त्याचा आवाज आला.

"उठलं का देवक, दादा?"

"उठले," मी तुसडेपणाने म्हणालो.

"मंग बारवेवर चला. हाय त्या कापडानं चला."

आमच्या गावात जुनी दगडी बारव आहे. पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत जावे लागते, आणि ज्येष्ठात पाणी फार खोल गेलेले असते. माणसाला पाण्यापाशी बोलावून सांगण्यासारखी बातमी एकच असते, कारण ती ऐकताक्षणी अंगावरच्या वस्त्रांसह स्नान करावे लागते. हे मी शेकडो लोकांना सांगितले होते. तरीही अर्ध्या वाटेपर्यंत मी त्याच्या मागे रागातच चालत होतो. पहिल्या पायऱ्या उतरल्यावर खालून गारवा आला आणि माझे पाय थांबले. मी पाठमोऱ्या त्याच्याकडे पाहिले. ती वाढलेली दाढी, तो रिकामा हात, ते न घेतलेले पाणी, मांडवाच्या सावलीबाहेरचे ते उभे राहणे, आणि मुलगी वाकताच मागे घेतलेला तो पाय. सुतकी माणूस कोणाचा नमस्कार घेत नाही. कोणाच्या घरचे अन्न घेत नाही. मंगल वस्तूला हात लावत नाही. दोन दिवस माझ्या अंगणाच्या कडेला तो एक एक नियम माझ्यासमोर पाळीत होता, आणि मी तो वाचू शकलो नव्हतो.

मी पाण्याच्या पायरीवर आलो तेव्हा तो चार पायऱ्या वर थांबला.

"कोण?" मी विचारले.

"आई."

मी पाण्यात उतरलो. छातीभर पाणी होते. वरून आकाशाचा चौकोन तेवढा दिसत होता आणि चहूकडे दगड. तेथून वर जाण्याची वाट एकच होती, आणि त्या वाटेवर तो उभा होता. मला ओरडावेसे वाटले. त्या चौकोनात एक घार फिरत होती, ती दिसेनाशी होईपर्यंत मी तिच्याकडे पाहत राहिलो.

मग मी विचारले, कधी? लग्नाच्या चार दिवस आधी, असे तो म्हणाला. त्यापूर्वी आठवडाभर ती अंथरुणाला खिळली होती. थोरल्याने अग्नी दिला.

"आठवडाभर?" मी म्हणालो. "आणि मला बोलावले नाहीस? तुला हा अधिकार कोणी दिला?"

"कुणी न्हाई."

"नांदीश्राद्ध झाल्यावर तरी सांगायचे होतेस. त्यानंतर बाध नव्हता."

"शास्त्राला नव्हता," तो म्हणाला. "तुमच्या तोंडाला होता. तुमच्या तोंडावर दिसलं असतं, दादा. व्याह्यांनी बघितलं असतं. दोनदा मोडलेलं लगीन. त्यांना निमित्तच पायजे होतं."

तो पायरीवर बसला आणि म्हणाला, "आजारात बोलावलं असतं तर तुमी आला असता. मी न्हाई कुठं म्हणलो? पर आला असता तर बसला असता तिथंच. ती तुमच्या मांडीवर गेली असती. मंग?"

मला हाक आली असती तर मी गेलो असतो. तिथे तिचे डोके मांडीवर घेतले असते, आणि माझ्या मुलीचे आयुष्य त्या मांडीवरच थांबले असते. मला निवडायचे झाले असते तर मी काय निवडले असते हे त्याला माझ्यापेक्षा आधी कळले होते. म्हणून त्याने ती निवड माझ्यापर्यंत येऊ दिली नाही. त्यात त्याने माझे फार मोठे काही हिरावून घेतले, आणि दुसरे फार मोठे मला दिले. या दोन्हींपैकी एकच स्वीकारता येईल अशी वाट मला त्या बारवेत दिसली नाही.

घरी आल्यावर पत्नीला सांगितले. ती रडली नाही. आधी मागच्या पडवीत गेली, सुतकात वेगळे बसायला दोन चटया तिने तेथे घातल्या, आणि मग त्या चटयांपाशीच खाली बसून रडली. तोपर्यंत माझ्या डोक्यात आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली होती. आता आम्ही एकाच सुतकात होतो. त्याने माझ्यापासून दूर उभे राहण्याचे किंवा मी त्याच्यापासून दूर बसण्याचे कारण उरले नव्हते. त्या सुतकाचे उरलेले दिवस मला देवपूजा नव्हती, शाळा नव्हती, कोणाच्या घरी जाणे नव्हते. जे घर मला गेले कित्येक दिवस पिंजऱ्यासारखे झाले होते त्याचीही आता एक पडवीच उरली होती. दहाव्यासाठी आम्ही दोघे दुसऱ्या दिवशीच्या गाडीने गावी जाणार होतो. तोवर तेथेच बसायचे होते.

पत्नीने पत्रावळीवर भात आणि मेतकूट ठेवले. तो दोन दिवसांचा उपाशी होता. फाट्यावरच्या हॉटेलात काही खाल्लेस का, असे मी विचारले, तर म्हणाला, तिथे बसायचे तर चहा घ्यावाच लागतो, म्हणून बाहेरच्या दगडावरच बसलो, आणि कागदाच्या पुडीतले फुटाणे तेवढे स्वतःचे नेले होते. खाऊन झाल्यावर त्याने भिंतीला पाठ टेकली आणि तो बोलू लागला. जसा पूर्वी बोलत असे तसाच, एका वाक्यात दुसरे मिसळत. गावाकडून येणाऱ्या प्रत्येक सोयऱ्याधायऱ्याला त्याने फाट्यावर गाठून हात जोडले होते. मारुतीची आण घ्या आणि मांडवात माझ्या आईविषयी शब्द काढू नका, असे सांगितले होते. एक म्हातारी ऐकेना, मला खोटे बोलवत नाही म्हणाली, तेव्हा तिला हॉटेलात बसवून दोन तास आपल्या सगळ्या भावकीची उखाळीपाखाळी ऐकवली आणि उलट्या गाडीने परत धाडले. मला हसू आले, आणि सुतकात हसलो म्हणून मी हात जोडले.

मग तो थांबला. त्याला थांबलेला मी पूर्वी दोनदाच पाहिले होते, त्या मुंजीत आणि मांडवाच्या खांबापाशी. मी त्याला का थांबलास म्हणून विचारले.

"ती रोज इचारायची," तो म्हणाला. "झालं का लगीन, झालं का लगीन. तिला तिथीचं भान राह्यलं नव्हतं. मी रोज सांगायचो, अजून न्हाई आई, हाय आठ दिसांनी. शेवटच्या दिवशी सकाळी पुन्हा इचारलं. मला वाटलं, आता किती सांगायचं. म्हणलं, झालं. काल झालं. अक्षता पडल्या म्हणलं. दादांनी तुझ्या वाती लावल्या म्हणलं."

पडवीबाहेर पत्नी भांडी घासत होती, तिचा हात थांबल्याचे मला ऐकू आले.

"मंग ते खोटं पडू द्यायचं नव्हतं मला," तो म्हणाला. "आईला सांगितलेलं."

मी त्याला विचारले की ऐकून ती काही बोलली का.

त्याने मान हलवली. बोलली नाही. मग त्याने आपला उजवा हात उचलला, मूठ अर्धी मिटली, आणि अगदी हळू, अंथरुणावरून हात जेवढा वर येऊ शकेल तेवढाच वर नेऊन ती उघडली.

"असं केलं," तो म्हणाला.